हळद-तिखटाचे डाग धरणार नाही असा ओटा कोणता?

प्रश्न : नवे स्वयंपाकघर

नमस्कार. येत्या दोन महिन्यांत आमच्या स्वयंपाकघराचे काम निघणार आहे. कपाटे, सिंक, दिव्यांच्या जागा असे बाकी सगळे ठरले आहे. ओट्यावर काय बसवावे या एकाच प्रश्नापाशी आम्ही तीन आठवडे अडलो आहोत.

सध्याचा ओटा पांढऱ्या लॅमिनेटचा आहे. अकरा वर्षांच्या वापरात, मसाल्याचा डबा जिथे उघडला जातो तिथे एक पिवळा पट्टा कायमचा उमटला आहे, आणि शेगडीच्या उजव्या बाजूला, तेलाने माखलेला कालथा टेकवण्याच्या जागी, नारिंगी डाग पडला आहे. घासून घासून लॅमिनेटची चकाकी गेली आणि त्यानंतर डाग अधिकच लवकर धरू लागले. आमच्याकडे रोज दोन्ही वेळा हळद आणि तिखट वापरले जाते, मसालेही घरीच दळले जातात, त्यामुळे कोरडी पूड सांडणे आणि फोडणीचे शिंतोडे उडणे हे दोन्ही रोजचेच आहे.

गडद रंगाचा दगड घ्या म्हणजे डाग दिसणारच नाही, असा सल्ला अनेकांनी दिला. परंतु माझ्या सासूबाईंची दृष्टी अधू झाली आहे आणि त्या अजूनही स्वतः स्वयंपाक करतात. काळ्या ओट्यावर त्यांना सुरीची धार कुठे आहे, पाणी कुठे सांडले आहे, हे नीट दिसत नाही. एका नातेवाइकांकडे हा अनुभव आम्ही घेतला आहे. म्हणून ओटा फिकट रंगाचाच हवा, ही आमची अट आहे आणि ती बदलणार नाही.

आमच्यासमोर सध्या पांढरा क्वार्ट्झ (म्हणजे कारखान्यात तयार होणारा कृत्रिम दगड), फिकट ग्रॅनाइट आणि भट्टीत भाजून केलेली पोर्सिलेनची मोठी लादी असे तीन पर्याय आहेत. तिन्ही विक्रेते आपापल्या मालावर डाग पडत नाही असेच सांगतात. हे म्हणणे हळदीच्या बाबतीत कितपत खरे आहे, आणि तीव्र रसायने न वापरता रोजची निगा राखता येईल असा यांपैकी कोणता, हे ज्यांनी प्रत्यक्ष वापरले किंवा बसवले आहे त्यांच्याकडून जाणून घ्यायचे आहे.

उत्तर १ : दगडकाम

ओटे घडवून बसवण्याचे काम मी बावीस वर्षे करत आहे. आपली अट मला योग्य वाटते, आणि म्हणूनच फिकट ग्रॅनाइटविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण या नावाखाली विकल्या जाणाऱ्या दगडांचे गुण एकमेकांपासून फार वेगळे असतात.

काळा म्हणून विकला जाणारा ग्रॅनाइट बहुधा भूशास्त्राच्या दृष्टीने ग्रॅनाइट नसतोच. तो गॅब्रो किंवा डोलेराइट जातीचा घट्ट दगड असतो आणि तेल फार कमी पितो. त्यामुळे काळ्यावर डाग पडत नाही या समजुतीत दोन गोष्टी मिसळलेल्या आहेत : तिथे डाग खरोखरच कमी मुरतो, आणि जो मुरतो तो दिसत नाही. पांढरट आणि पिवळसर ग्रॅनाइटमध्ये कणांच्या सांध्यांतून अतिशय बारीक भेगा असतात आणि त्यांतून तेल आत उतरते. अमेरिकेतील एएसटीएम या संस्थेच्या मानकात ग्रॅनाइटसाठी पाणी शोषण्याची कमाल मर्यादा वजनाच्या ०.४० टक्के ठेवलेली आहे. हा आकडा लहान दिसतो, पण पांढऱ्या पृष्ठभागावर डाग दिसायला रंगाचा अंशही पुरतो.

संगमरवराविषयी आपण विचारलेले नाही, तरी कोणी तो सुचवला तर सांगून ठेवतो. त्याची शोषणाची मर्यादा याच मानकात ग्रॅनाइटहून कमी, म्हणजे ०.२० टक्के आहे. म्हणजे तो दगड अधिक पाणी पितो ही समजूत सरसकट बरोबर नाही. त्याची खरी अडचण अशी की तो कॅल्शियम कार्बोनेटचा बनलेला असल्यामुळे लिंबू, व्हिनेगर, टोमॅटो यांतील आम्लाने त्याचा वरचा थर झिजतो, तिथली चकाकी जाते आणि तो खडबडीत झालेला भाग मग हळद धरतो. हा झिजेचा ठिपका पुसून जात नाही, पुन्हा पॉलिशच करावे लागते. रोजच्या स्वयंपाकासाठी मी संगमरवर बसवून देत नाही.

फिकट ग्रॅनाइट घ्यायचाच असेल तर ज्या फरशीतून ओटा कापला जाणार आहे तिचाच तुकडा मागून घ्यावा आणि त्यावर पाण्याचे काही थेंब ठेवून पंधरा मिनिटे वाट पाहावी. थेंबाखालचा दगड काळपट झाला तर तो पाणी पितो असे समजावे, आणि त्याला आत मुरणारा सीलर लावल्याशिवाय वापरू नये. सीलर म्हणजे वरचा लेप नव्हे; तो दगडाच्या छिद्रांत उतरून तेल-पाण्याला आत शिरायला वेळ लावतो. वेळ लावतो, थांबवत नाही, हे नेमके लक्षात ठेवावे. सांडलेले तासाभरात पुसणाऱ्या घरात सीलर उत्तम काम देतो. रात्रभर तेलकट कालथा टेकवून ठेवणाऱ्या घरात तो अपुरा पडतो. घरात वापर किती आहे यावर अवलंबून तो पुन्हा लावावा लागतो, आणि त्याची वेळ झाली की नाही हे हीच थेंबाची परीक्षा सांगते.

उत्तर २ : रसायनवही

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते आणि घरी हळदीशी माझा आपल्यासारखाच रोजचा संबंध आहे. डाग कशाचा आहे हे समजले तर पृष्ठभाग निवडणे आणि तो स्वच्छ करणे ही दोन्ही कामे सोपी होतात, म्हणून थोडे मुळापासून मांडते.

हळदीचा रंग कर्क्युमिन या द्रव्यामुळे असतो आणि हळदीच्या वजनात ते अवघे काही टक्केच असते. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात आणि अल्कोहोलमध्ये मात्र सहज विरघळते. लाल मिरचीचा रंग देणारे कॅप्सँथिन आणि त्याच्या वर्गातील इतर द्रव्येही तेलातच विरघळतात. केशराचे उलट आहे : त्यातील क्रोसिन पाण्यात विरघळते, म्हणून त्याचा ताजा डाग नुसत्या ओल्या फडक्याने बराचसा निघतो. यावरून असे दिसते की आपल्या ओट्याला खरा धोका कोरड्या पुडीपासून फारसा नसून तेलात उतरलेल्या रंगापासून आहे. तेल रंगाला वाहून नेते आणि जिथे बारीक छिद्र किंवा रेझिनसारखा (म्हणजे घट्ट होऊन प्लॅस्टिकसारखा कडक होणारा) सेंद्रिय पदार्थ मिळेल तिथे आत पोचवते. प्लॅस्टिकचे डबे आणि सिलिकोनचे चमचे पिवळे पडतात आणि काचेची बरणी पडत नाही, याचे कारण हेच आहे.

म्हणूनच पृष्ठभागात रेझिन किती आहे हा प्रश्न विचारावा. लॅमिनेटचा वरचा थर मेलामाइन रेझिनचा असतो. तो शाबूत असेतो बरा टिकतो, पण आपण वर्णन केल्याप्रमाणे घासला गेला की रंग धरू लागतो. क्वार्ट्झच्या लादीत वजनाने ९० टक्क्यांच्या आसपास खनिज आणि उरलेले रेझिन असते, परंतु रेझिन हलके असल्यामुळे घनफळाने पाहिल्यास त्याचा वाटा बराच जास्त भरतो. क्वार्ट्झला छिद्रे नसतात हे विक्रेत्याचे म्हणणे खरेच आहे. मात्र छिद्रे नाहीत म्हणजे रंग धरत नाही, असा त्याचा अर्थ होत नाही. पोर्सिलेनच्या लादीत रेझिन नसते. ती सुमारे १२०० अंश सेल्सिअसला भाजलेली असते आणि पोर्सिलेन या नावाला पात्र होण्यासाठी तिचे पाणी शोषण्याचे प्रमाण ०.५ टक्क्यांपेक्षा जास्त असून चालत नाही. ओट्यासाठीच्या लाद्यांत ते त्याहूनही बरेच कमी आढळते.

विक्रेत्यांच्या दाव्याविषयी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. सिरॅमिक लाद्यांचा डागविरोध आयएसओ १०५४५-१४ या मानकाने मोजतात. त्यात ठरावीक डाग २४ तास ठेवून ते टप्प्याटप्प्याने पुसले जातात : आधी गरम पाण्याने, मग सौम्य साबणाने, मग तीव्र साबणाने आणि शेवटी द्रावणांनी. नुसत्या गरम पाण्याने डाग गेला तर लादीला ५वा, म्हणजे सर्वांत चांगला वर्ग मिळतो. पण त्या डागांमध्ये तेलातील हिरवे रंगद्रव्य, आयोडीन आणि ऑलिव्ह तेल असते, हळद नसते. पत्रकावर ५वा वर्ग छापलेला असेल तर ती चांगलीच खूण आहे, तरी आपल्या स्वयंपाकघराची परीक्षा आपल्यालाच घ्यावी लागेल.

ती अशी घ्यावी. प्रत्येक पर्यायाचा तुकडा आणावा आणि तो नेमक्या त्याच पॉलिशचा असावा, कारण एकाच मालाची चकचकीत आणि मॅट बाजू वेगळी वागते. कोमट तेलात हळद आणि तिखट मिसळून त्याचा एक ठिपका, लिंबाच्या रसात कालवलेल्या हळदीचा दुसरा आणि केशराच्या पाण्याचा तिसरा, असे तीन ठिपके लावून रात्रभर ठेवावेत. सकाळी आधी कोरड्या कागदाने टिपून मग भांड्यांच्या साबणाने धुवावे. साबण लागताच हळद लाल झाली तर घाबरू नये; साबण अल्कधर्मी असतो आणि कर्क्युमिन अल्कात तांबूस होते, पाण्याने धुतल्यावर ते परत पिवळे दिसते. जे उरेल त्यावर खाण्याचा सोडा आणि ३ टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड यांचा लेप अर्धा तास द्यावा, आणि त्यानंतरही पिवळेपणा राहिला तर तुकडा उन्हात ठेवावा. कर्क्युमिन प्रकाशाने विघटित होते. कपड्यावरचा हळदीचा डाग उन्हात फिका पडतो तो यामुळेच.

एक सूचना मात्र अगदी कळकळीने करते. डाग जात नाही म्हणून क्लोरीनच्या ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा अमोनिया असलेले द्रव कधीही मिसळू नये. त्यातून निघणारे वायू विषारी असतात, आणि स्वयंपाकघर बहुधा लहान व बंदिस्त असते.

उत्तर ३ : पांढरा ओटा

माझ्याकडे चार वर्षांपासून पांढरा मॅट क्वार्ट्झ आहे, म्हणून अनुभव लिहिते. दिसायला तो अतिशय सुंदर आहे आणि कॉफी, चहा, फळांचा रस यांनी त्याला काहीही झाले नाही. हळदीचे तेल मात्र त्याने धरले. पहिल्याच महिन्यात फोडणीची लहान कढई मी त्यावर टेकवून पाहुण्यांकडे गेले आणि संध्याकाळी परत आले तेव्हा तिच्या बुडाचे पिवळे कडे उमटलेले होते. सोड्याच्या लेपाने ते बरेच फिके झाले, तरी तिरप्या उजेडात आजही दिसते.

माझी खरी चूक त्यानंतरची आहे. घाईघाईने मी त्या जागी क्लोरीनचे ब्लीच ओतून ठेवले. डाग गेला नाही, पण त्या जागेची पोत बदलली, आणि आता तो हातभर भाग बाकीच्या ओट्यापेक्षा लवकर मळतो. लादी पुरवणाऱ्यांनी नंतर सांगितले की रेझिनला तीव्र ब्लीच आणि तीव्र अल्क दोन्ही चालत नाहीत. हे त्यांनी बसवताना सांगायला हवे होते, पण विचारायला मीही हवे होते.

उष्णतेचेही तसेच आहे. रेझिनमुळे क्वार्ट्झला गरम भांडे सोसत नाही. साधारण १५० अंशांच्या पुढे क्वार्ट्झ पिवळा पडण्याचा किंवा तडकण्याचा धोका असतो, आणि तापलेल्या तेलाची कढई त्याहून सहज गरम असते. माझ्या बहिणीकडे हाच क्वार्ट्झ चकचकीत पॉलिशचा आहे आणि तिच्या ओट्यावर चार वर्षांत एकही डाग टिकलेला नाही. म्हणून क्वार्ट्झ वाईट असे मी म्हणणार नाही. हळदीच्या घरात मॅट क्वार्ट्झ घेऊ नये, एवढे मात्र ठामपणे म्हणेन.

उत्तर ४ : दगडकाम

वरच्या अनुभवाला एक जोड देतो, कारण यात गल्लत होण्याचा संभव आहे. क्वार्ट्झमध्ये चकचकीत बाजू अधिक सुरक्षित असते, हे बरोबर आहे. पोर्सिलेनमध्ये ते नेहमीच लागू पडत नाही. भट्टीतून निघालेल्या बिनग्लेझ (वर काचेसारखा लेप नसलेल्या) लादीचा वरचा थर नंतर घासून चकचकीत केला तर आतली बंद सूक्ष्म छिद्रे उघडी पडतात आणि रंग त्यांत अडकू शकतो. म्हणून पोर्सिलेन घेताना भट्टीतून जशी निघाली तशीच, गुळगुळीत मॅट बाजूची लादी पाहावी. पॉलिश केलेलीच आवडली असेल तर तिची परीक्षा अधिक काटेकोरपणे घ्यावी.

प्रश्नकर्ती : नवे स्वयंपाकघर

सर्वांचे मनापासून आभार. रसायनवही यांनी सांगितल्याप्रमाणे गेल्या शनिवारी रात्री परीक्षा घेतली आणि तिचा निकाल इथे नोंदवते, कारण पुढे कोणाला तरी त्याचा उपयोग होईल.

चकचकीत पांढऱ्या क्वार्ट्झवर तेलाच्या ठिपक्याची अगदी फिकट पिवळी सावली राहिली होती. सोडा-पेरॉक्साइडच्या लेपाने ती अर्ध्याहून अधिक गेली आणि खिडकीत एक दुपार ठेवल्यावर दिसेनाशी झाली. मॅट क्वार्ट्झवर मात्र तिरप्या उजेडात दिसणारा पिवळसर गोल अजूनही आहे. फिकट ग्रॅनाइटच्या तुकड्याच्या अर्ध्या भागाला सीलर लावला होता. सीलर नसलेल्या भागात तेल उतरून मोठा काळपट-पिवळा डाग पडला आणि तो लेप देऊनही पूर्ण निघाला नाही. सीलर लावलेल्या भागात केवळ कडेला सावली होती. मॅट पोर्सिलेनवरचे तिन्ही ठिपके नुसत्या साबणाने गेले. केशराने कोणत्याही तुकड्याला त्रास दिला नाही. लिंबातल्या हळदीचा डाग तेलातल्यापेक्षा सगळीकडे फिकट होता, आणि साबण लागताच तो लाल झाला तेव्हा, आधी वाचलेले असूनही, मी क्षणभर दचकलेच.

सासूबाईंना तिन्ही फिकट तुकडे ओट्यावर ठेवून दाखवले. चकचकीत क्वार्ट्झवर दिव्याचे प्रतिबिंब पडून त्यांचे डोळे दिपतात, मॅट पोर्सिलेनवर तसे होत नाही, आणि त्यावर ठेवलेली सुरी त्यांना लगेच दिसली. हा मुद्दा आमच्यापैकी कोणाच्याही ध्यानात आला नव्हता. त्यामुळे मन आता पोर्सिलेनकडे वळले आहे. बसवताना काय पाहावे, हे दगडकाम यांनी सांगितल्यास निर्णय पक्का करता येईल.

उत्तर ५ : दगडकाम

परीक्षा इतक्या नीट घेणारे ग्राहक क्वचितच भेटतात. आपला निर्णय योग्य आहे. पोर्सिलेनचा कच्चेपणा डागात नसून कडेत असतो. लादी अतिशय कठीण, पण ठिसूळ असते, आणि जड भांडे कडेवर आपटले तर टवका उडतो. त्यामुळे कड तीक्ष्ण काटकोनात न ठेवता थोडी गोलाई देऊन घासून घ्यावी, सिंकसाठी कापलेल्या जागेचे आतले कोपरे गोल ठेवावेत, कारण काटकोनी कोपऱ्यातून भेग सुरू होते, आणि लादीखालचा आधार सर्वत्र सपाट आहे याची खात्री लादी ठेवण्यापूर्वी करून घ्यावी. नक्षी फक्त वरच्या थरावर छापलेली आहे की रंग लादीच्या आरपार आहे, हेही विचारून ठेवावे. आरपार रंग असेल तर उडालेला टवका दुरून लक्षात येत नाही.

डागांचा खरा प्रश्न यापुढे सांध्यांत येईल, कारण एवढा चांगला पृष्ठभाग बसवूनही सिंकभोवती आणि भिंतीलगत पांढरे सिलिकोन भरलेले असते आणि तेच आधी पिवळे पडते. ओट्याला शक्य तितके कमी जोड ठेवावेत आणि शेगडी व मसाल्याचा डबा यांच्यामध्ये जोड येणार नाही असे माप घ्यायला सांगावे. सिलिकोन शुभ्र न घेता राखाडी किंवा वाळूच्या छटेचे घ्यावे; काही वर्षांनी ते काढून नवे भरता येते, ही जमेची बाजू. भिंतीवर फरशा लावणार असाल तर त्यांच्या सांध्यांत सिमेंटचे ग्राउट न भरता इपॉक्सीचे भरावे. सिमेंटचे ग्राउट सच्छिद्र असते, तेलाचे शिंतोडे ते पिऊन घेते.

शेवटी एक गोष्ट माझ्या व्यवसायातील माणसांसाठी सांगतो. लादी कोणतीही असो, कापताना आणि घासताना उडणारी सिलिकाची धूळ फुप्फुसे कायमची निकामी करते. क्वार्ट्झच्या बाबतीत हा धोका इतका मोठा आहे की ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा कृत्रिम दगडावर बंदी घातली. पोर्सिलेनच्या धुळीतही सिलिका असते. सर्व काप कारखान्यात पाण्याखाली करून आणायला सांगावे, आणि घरी एखादे भोक पाडावेच लागले तर कारागीर पाणी सोडून काम करतो आहे आणि त्याच्या तोंडावर योग्य मास्क आहे, हे आपण स्वतः उभे राहून पाहावे.

प्रश्नकर्ती : नवे स्वयंपाकघर

कळले. माप घ्यायला येणाऱ्यांना मसाल्याच्या डब्याची आणि कालथा टेकवण्याची जागा खडूने आखून दाखवणार आहे, म्हणजे जोड तिथे येणार नाही. कापण्याचे सर्व काम कारखान्यातच होईल, असे कामाच्या कागदावर लिहून घेते.